मदत हवी आहे: गाडीशिवाय राहता येईल असा परिसर घर घेण्याआधी कसा ओळखायचा?

निशिगंध:

नमस्कार. आमची जुनी गाडी आता विकायची आहे आणि शक्यतो नवी घ्यायची नाही, असं आमचं दोघांचं ठरतंय. भाड्याचं घरही बदलायचं आहे, त्यामुळे जागा निवडतानाच हा विचार करता येईल. घरात आम्ही दोघं, नऊ वर्षांची मुलगी आणि गुडघेदुखी असलेल्या सासूबाई.

खर्च वाचेल हे आहेच, पण माझं खरं कारण या दोघी आहेत. मुलीला मैत्रिणीकडे किंवा सासूबाईंना वाचनालयात जायचं असलं की आधी 'कोण सोडणार?' हा प्रश्न येतो. आमची सवड होईपर्यंत त्या थांबतात, आणि हल्ली तर सासूबाई 'राहू दे' म्हणून बेतच सोडून देतात. याचं मला फार वाईट वाटतं.

एजंट सगळं 'पाच मिनिटांवर' असल्याचं सांगतात. असंच एक घर पाहिलं. औषधाचं दुकान नकाशावर अगदी समोर, पण मधे सहा पदरी रस्ता आणि तो ओलांडायची जागा पार पुढच्या चौकात. फूटपाथ प्रत्येक फाटकाशी तुटतो. खाली उतरा, उतार ओलांडा, पुन्हा वीतभर उंच कडेवर चढा. तिसऱ्या फाटकाशी सासूबाईंनी माझा दंड घट्ट धरला आणि परत फिरू म्हणाल्या.

तर घर पाहायला गेल्यावर नेमकं काय तपासावं? गाडी न ठेवता राहणाऱ्यांनी कृपया अनुभव सांगावा. शाळा चालत जाण्याजोगी हवी की बस चालेल, यावरही आमचं एकमत होत नाहीये.

पायवाट:

अंतर मीटरमध्ये मोजूच नका, मिनिटांत मोजा, आणि तीही सासूबाईंच्या चालीने. स्पेनमधल्या पोंतेवेद्रा शहराने १९९९ पासून मध्यवस्तीतली बहुतेक वाहतूक बंद केली. तिथे मेट्रोच्या नकाशासारखा चालण्याचा नकाशा आहे, दोन ठिकाणांमधल्या रेघेवर मिनिटं लिहिलेली. प्रत्येक घरासाठी तसा एक कागदावर काढा: दवाखाना, वाचनालय, शाळा, बसथांबा, बाग.

सिग्नल मात्र स्वतः उभं राहून बघा. पादचारी सेकंदाला साधारण १.२ मीटर चालतो असं धरून पुष्कळ ठिकाणी वेळ ठरवतात. २४ मीटरचा रस्ता या हिशेबाने २० सेकंदांत पार होतो. गुडघे दुखणारी व्यक्ती ०.८ मीटरने चालली तर तिला ३० सेकंद लागतात. मधे थांबायला सुरक्षित दुभाजक नसेल तर ते घर मी तरी सोडून देईन, बाकी कितीही छान असो.

चालताबोलता:

मुलीसाठी गाड्यांचा वेग बघा. ताशी ३० च्या वेगातली गाडी, चालकाच्या प्रतिक्रियेचा वेळ धरून, १४ मीटरच्या आसपास थांबते. ५० ला साधारण दुप्पट अंतर लागतं. ब्रुसेल्स आणि पॅरिसने २०२१ मध्ये बहुतेक रस्त्यांवर ३० ची मर्यादा आणली ती उगाच नाही. पाटीवर मात्र विसंबू नका. रुंद, सरळ रस्त्यावर लोक पाटी न बघता दामटतात. अरुंद, वळणाच्या, झाडांच्या रस्त्यावर आपोआप हळू होतात. शाळा सुटायच्या वेळी जाऊन उभ्या राहा. मुलं एकटी घरी जाताना दिसली तर यापेक्षा चांगली खूण नाही.

शाळेबाबत माझं मत स्पष्ट आहे: शाळा चालत, ऑफिस बसने. मोठी माणसं बस चुकली तर निभावून नेतात.

निशिगंध:

दोघांचेही मनापासून आभार. सिग्नलचा हिशेब डोक्यातच आला नव्हता. बसबद्दल आणखी विचारते: थांबा घराजवळ असणं महत्त्वाचं की बस वारंवार असणं?

पायवाट:

वारंवारता. दर १० मिनिटांनी बस असेल तर वेळापत्रक न बघता बाहेर पडता येतं, सरासरी ५ मिनिटं थांबावं लागतं. अर्ध्या तासाने असेल तर तेच १५ होतं, आणि मधे बस बदलायची असेल तर पुन्हा तेवढंच. सासूबाईंसाठी थांब्यावर बाक आणि सावली आहे का तेही बघा. शेवटची बस किती वाजता आणि रविवारी किती फेऱ्या, हे एजंटला नको, थांब्यावरच्या लोकांना विचारा.

उंबरठा:

आम्हीही गाडी विकली, तेव्हा अडलं ते रात्री-अपरात्री दवाखान्यात जायचं झालं तर काय, इथे. जवळच्या दोन टॅक्सीवाल्यांचे नंबर घरात लावून ठेवले आणि गाडीवर जायचा तो दरमहाचा पैसा वेगळा काढला, त्यातूनच टॅक्सी. पैसा वेगळा असल्यामुळे आई टॅक्सी बोलवायला संकोचत नाही. घर ठरवण्याआधी एकदा अंधार पडल्यावर सासूबाईंना घेऊन थांब्यापर्यंत चालून या. दिवे गाड्यांच्या रस्त्यावर असतात, फूटपाथ झाडाखाली काळोखात असतो, हे दिवसा कळत नाही.

निशिगंध:

शनिवारी दोन घरं बघायची आहेत. दोघींना बरोबर नेते, संध्याकाळीच. काय दिसलं ते इथेच लिहीन.