कॅमेरा कुठे ठेवता? (कड्यावर, दोरावर, पाण्यात)

परवा हरिहर गड चढताना कॅमेरा गळ्यात होता. त्या पायऱ्या अंग कातळाला टेकवूनच चढाव्या लागतात, दोन्ही हात खोबणीत. दर पायरीला लेन्स दगडावर ठक्क. वर पोचलो तर लेन्सपुढचा यूव्ही फिल्टर (संरक्षक काच) तडकलेला, लेन्स शाबूत. फिल्टरचं काही नाही, पण मधेच पट्टा सावरायला मी एक हात सोडला होता. खाली दरी आणि धुकं. आठवलं की अजून पोटात गोळा येतो.
तुम्ही कसा नेता? फसलेले प्रयोगही लिहा.

*

फिल्टरवर निभावलं म्हणायचं, दादा. मी धबधब्यात रॅपलिंग करत (दोरावरून उतरत) होते आणि कॅमेऱ्याचा लोंबता पट्टा दोराबरोबर डिसेंडरमध्ये (उतरताना दोर ज्यातून सरकतो त्या कडीत) ओढला गेला. अधांतरी अडकले, डोक्यावर पाणी. नशिबाने पायाखाली कपार सापडली. वरून बिले (सुरक्षेचा दुसरा दोर) ताठ धरला, मी कपारीवर उभी राहून दोरावरचं वजन काढलं, तेव्हा कुठे पट्टा सुटला. आता दोरावर असताना कॅमेरा सॅकमध्ये आणि सॅकची चेन बंद. मुलींनो, वेणीसुद्धा टीशर्टच्या आत!

*

कोलाडला सकाळी भिऱ्याच्या धरणाचं पाणी सुटलं की कुंडलिकेत राफ्टिंग चालतं. माझा अ‍ॅक्शन कॅमेरा १० मीटरपर्यंत वॉटरप्रूफ. म्हणजे पाणी आत जात नाही एवढंच. बुडतो तो दगडासारखाच. पहिल्याच मोठ्या लाटेत गेला. पुढच्या वेळी लांब दोरीने कमरेला बांधून आलो, तर गाईडने आधी दोरी काढायला लावली: पाण्यात पडलास तर ही कशात अडकेल सांगता येत नाही. आता कॅमेऱ्यामागे केशरी फ्लोट (तरंगता ठोकळा) लावतो.

*

डीएसएलआर घरी, फोन चेनच्या खिशात. हसा खुशाल.

*

तुम्ही सगळे आपटण्या-बुडण्याचं लिहिताय, माझी लेन्स घरात मेली. जुलैत राजमाची करून आलो, दमलो होतो, ओली बॅग तशीच कपाटात ढकलली. गणपतीचे फोटो काढायला बाहेर काढली तर काचेच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी. दुरुस्तीवाला म्हणाला, साफ करतो, पण कोटिंग खाल्लेलं परत येत नाही.
आता ट्रेकहून आल्यावर आंघोळीआधी कॅमेरा पुसतो (बायकोचा यावर आक्षेप आहे). मग रात्रभर पंख्याखाली, आणि मग हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर. निळे दाणे गुलाबी झाले की बदलायचे. तांदळात मात्र पुरू नका, पिठी आत जाते. बॅगही वेगळी वाळवायची, स्पंज दोन-दोन दिवस ओला राहतो.

*

काका, तुमचं वाचून उठलो आणि कपाट उघडलं. हरिहरची बॅग आहे तशीच आहे. ओली.