मदत हवी आहे: जि.प. ज्येष्ठता यादीचा वाद, दाद नेमकी कुणाकडे मागायची?

नमस्कार मंडळी. मी सांगलीचा. एका जिल्हा परिषदेत (कुठल्या ते लिहीत नाही, समजून घ्या) कनिष्ठ सहाय्यक, वर्ग ३. वरिष्ठ सहाय्यकाच्या पदोन्नत्या तोंडावर आल्यात आणि ज्येष्ठता यादीत माझ्या वर एक सहकारी बसलेत, जे विनंतीवरून आंतरजिल्हा बदलीने आले. विनंती बदलीवाल्याची ज्येष्ठता नव्या जिल्ह्यात तळापासून धरतात, हे आस्थापना टेबलावर बसलेल्या कुणालाही ठाऊक आहे. इथे त्यांची मूळ नेमणुकीची तारीख धरली. माणूस भला आहे, राग त्यांच्यावर नाही.

तात्पुरत्या यादीवर मुदतीत हरकत दिली, पोच आहे. उत्तर काय, तर "वरिष्ठ कार्यालयाकडून मार्गदर्शन मागविण्यात आले आहे". विभागीय कार्यालय म्हणतं, शासन निर्णयाचा अर्थ ग्रामविकास विभागच लावेल. मंत्रालयातून तोंडी सांगतात, नियुक्ती प्राधिकारी सीईओ (जि.प.चे मुख्य कार्यकारी अधिकारी), त्यांनीच ठरवावं. तिघांचंही आपापल्या जागी बरोबर असेल, पण मार्गदर्शन येण्याआधीच यादी अंतिम झाली!

मेहुणे महसूलला आहेत. ते म्हणाले, सरळ मॅटला (महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे) जा. पण मॅट राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांसाठी, आम्ही जि.प.चे तिथे बसत नाही. म्हणजे पंचायत समितीतले बीडीओ (गटविकास अधिकारी) साहेब राज्य शासनाचे, म्हणून मॅटला जाऊ शकतात, त्यांच्या केबिनबाहेरचा क्लार्क नाही. संघटनेतले एक जण अनुसूचित जाती/जमाती आयोगाकडे तक्रार कर म्हणतात. पण माझा वाद बिंदुनामावलीचा (आरक्षणाच्या जागांच्या क्रमाचा) नाहीच, निव्वळ ज्येष्ठतेचा आहे. शिवाय आयोगाला स्थगिती देता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्येच सांगितलंय.

राहिलं उच्च न्यायालय, म्हणजे घटनेच्या कलम २२६ खाली रिट याचिका. कोल्हापूरचं सर्किट बेंच १८ ऑगस्ट २०२५ पासून सुरू झाल्याने सांगली-साताऱ्याच्या माणसाची मुंबईची फेरी तरी वाचली. अडकलोय ते असं: आधी विभागीय आयुक्तांकडे अपील केलंच पाहिजे का? जि.प. कर्मचाऱ्यांच्या १९६४ च्या शिस्त व अपील नियमांत ज्येष्ठतेचा वाद बसतो का? "मार्गदर्शन मागविले" हा काही निर्णय नव्हे, मग अपील कशावर करायचं, अंतिम यादीवर? आणि थेट रिट केली तर "पर्यायी मार्ग आहे" म्हणून परत पाठवतील का?

त्या सहकाऱ्यांना प्रतिवादी करावं लागेल असं कळलं. जिवावर येतंय, पण इलाज नाही. पदोन्नती समितीची बैठक कधीही लागेल. तेवढ्यात स्थगिती मिळते, की पदोन्नत्या "न्यायालयाच्या निर्णयाच्या अधीन राहून" होतात? जि.प.तल्या कुणी हे केलं असेल तर कुठला क्रम धरलात तेवढं सांगा. सेवा प्रकरणं बघणारा कोल्हापूरचा वकील माहीत असेल तर नाव व्यनि करा, इथे नको.