१९३६ सालची मालवाहू नॅरोबोट राहण्यासाठी घ्यावी का, आणि तिची किंमत कशी ठरवावी?

कालवाकाठ यांचा प्रश्न

नमस्कार. आम्ही दोघे गेली नऊ वर्षे इंग्लंडमधील मिल्टन कीन्समध्ये राहतो आणि ग्रँड युनियन कालवा आमच्या घरापासून पाच मिनिटांवर आहे. रोज संध्याकाळी काठाने चालताना नॅरोबोटींची, म्हणजे अरुंद कालव्यांतून चालणाऱ्या लांबट बोटींची, ओढ केव्हा लागली ते कळलेच नाही. मुलगी आता विद्यापीठात गेली आहे, त्यामुळे घर भाड्याने देऊन दोन-तीन वर्षे बोटीवर राहण्याचा विचार जवळजवळ पक्का झाला आहे.

गेल्या महिन्यात ब्राउन्स्टनजवळ एक बोट पाहिली. विक्रेत्याच्या म्हणण्यानुसार ती १९३६ साली नॉर्थविचच्या यारवुड कारखान्यात ग्रँड युनियन कॅनॉल कॅरिइंग कंपनीसाठी बांधलेली ‘स्टार’ वर्गातील मोटरबोट आहे. मूळची सुमारे ७१ फुटांची ही बोट १९७० च्या दशकात मधून कापून ५८ फुटांची करण्यात आली, मालाच्या खणावर पोलादी केबिन चढवण्यात आली आणि पुढे एल्मच्या फळ्यांचे बूड काढून पोलादी बूड बसवले गेले. खलाशाची मागची खोली मात्र जुन्या धाटणीची आहे: कोळशाची छोटी चूल, आडवा उघडणारा पलंग आणि दारांवर गुलाब आणि किल्ले यांची चित्रे. इंजिन दोन सिलिंडरचे लिस्टर आहे, म्हणजे मूळचे नव्हे. मागणी ६२,००० पौंडांची आहे.

त्याच पैशात तेवढ्याच लांबीची, वीसेक वर्षे वापरलेली आधुनिक बोट मिळू शकते. मग इतिहासासाठी वेगळे पैसे मोजावेत का, आणि मोजायचे तर किती, हे ठरवण्याची काही रीत आहे का? बोट सेफ्टी प्रमाणपत्राची मुदत अजून तीन वर्षे आहे, म्हणून वेगळ्या सर्व्हेची आवश्यकता नाही, असे विक्रेता सांगतो. हे योग्य आहे का?

जुने_सुकाणू यांचे उत्तर

आपल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण तेथे चूक झाली तर बाकीच्या चर्चेला अर्थ उरत नाही. बोट सेफ्टी प्रमाणपत्र चार वर्षांसाठी मिळते आणि त्यात गॅस, इंधन, विजेची जोडणी, आगीचा धोका, वायुवीजन अशा बाबी तपासल्या जातात. बोटीचे कवच किती झिजले आहे याच्याशी त्या प्रमाणपत्राचा काहीही संबंध नाही. बूड चाळणी झालेल्या बोटीलाही ते मिळू शकते. त्यामुळे बोट पाण्याबाहेर काढून, आपण स्वतः नेमलेल्या सर्व्हेअरकडून तपासून घेतल्याशिवाय पुढचे पाऊल टाकू नका, आणि करारात ‘सर्व्हे समाधानकारक असल्यासच’ ही अट लेखी घाला. विक्रेत्याने दाखवलेला जुना अहवाल वाचावा जरूर, पण त्यावर विसंबू नये.

सर्व्हेअर निवडताना त्याला रिव्हेटच्या, म्हणजे लोखंडी खिळे ठोकून पत्रे जोडलेल्या, बोटींचा अनुभव आहे का, हे स्पष्ट विचारा. आधुनिक बोट वेल्डिंगची असते आणि तिच्या पत्र्याची जाडी ध्वनिलहरींच्या यंत्राने ठिकठिकाणी मोजली की बरेचसे चित्र समोर येते. जुन्या बोटीत मात्र पत्र्याच्या मध्यभागी जाडी उत्तम भरते आणि खरा आजार सांध्यांत, रिव्हेटच्या डोक्यांत आणि बाजूचा पत्रा बुडाला मिळतो त्या तळाच्या पट्टीत दडलेला असतो. तेथे हातोडीचा आवाज ऐकणारा माणूस हवा. आपण पाहिलेल्या बोटीचे लाकडी बूड काढून पोलादी केले आहे, तेव्हा ती तळाची पट्टी त्या वेळी नवी घातली की जुन्याच झिजलेल्या पत्र्याला नवे बूड जोडले, हा मला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न वाटतो. त्या कामाची बिले किंवा छायाचित्रे मागा. जाडी ४ मिलिमीटरच्या खाली गेली की अनेक विमा कंपन्या पूर्ण विमा देताना अडून बसतात, हेही ध्यानात असू द्या.

दुसरी तपासणी दुहेरी पत्र्याची. झिजलेल्या कवचावर बाहेरून नवा पत्रा वेल्ड करून झाकण्याची पद्धत सर्रास आहे. तिने बोट काही वर्षे तरंगती राहते, पण वजन वाढते, दोन पत्र्यांमध्ये ओल अडकली तर आतून गंज चालू राहतो आणि रिव्हेटच्या ओळी, म्हणजे ज्यासाठी आपण जुनी बोट घेत आहात तीच गोष्ट, झाकली जाते. माझ्या मते दुहेरी पत्रा चढवलेल्या बोटीला ऐतिहासिक बोट म्हणून अधिक किंमत देऊ नये.

आता किंमतीकडे येतो. मी हिशेब कवचापासून सुरू करतो. कवचाचे किती आयुष्य उरले आहे आणि त्यातले मूळचे किती आहे, यावर पाया ठरतो. त्यानंतर इंजिन पाहतो. ग्रँड युनियनच्या बोटीत नॅशनलचे किंवा रसेल न्यूबेरीचे दोन सिलिंडरचे इंजिन, किंवा फेलोज, मॉर्टन अँड क्लेटन या दुसऱ्या मालवाहू कंपनीच्या बोटीत एक सिलिंडरचे बोलिंडर असेल, तर जाणकार ग्राहक त्यासाठी आनंदाने पैसे मोजतो. लिस्टर हे चांगले, सुटे भाग सहज मिळणारे इंजिन आहे. ते उणे धरू नका, पण त्याचे जास्तीचे पैसेही देऊ नका. घरगुती बांधणी, म्हणजे स्वयंपाकघर, न्हाणीघर, लाकडी अस्तर, मी सर्वांत शेवटी आणि सर्वांत कमी धरतो. तिचे आयुष्य पंधरा-वीस वर्षांचे असते आणि विक्रेते नेमके तिच्यावरच सर्वांत जास्त पैसे मागतात. शिवाय कवचाची दुरुस्ती करायची वेळ आली की वेल्डिंगसाठी हेच अस्तर उखडावे लागते. म्हणजे चांगले सजवलेले घर आजारी कवचावर असेल, तर ते मूल्य वाढवत नाही, उलट दुरुस्तीचा खर्च वाढवते.

कापलेल्या बोटीचा प्रश्न राहिला. संपूर्ण ७१ फुटांची, मालाचा खण उघडा असलेली मोटरबोट आणि ५८ फुटांची कापलेली बोट या बाजारात दोन वेगळ्या वस्तू आहेत. पहिलीचा ग्राहक इतिहासप्रेमी असतो आणि दुसरीचा बहुधा राहणारा. पुढचे टोक आणि मागची खोली मूळची असली, तरी मधला भाग गेल्यामुळे इतिहासप्रेमी ग्राहक मागे हटतो. म्हणून आपण पाहिलेल्या बोटीची किंमत मी तेवढ्याच लांबीच्या, तेवढेच आयुष्य उरलेल्या आधुनिक बोटीच्या आसपास धरीन. कागदपत्रे पक्की असतील तर थोडी वर, एवढेच. तिच्यासाठी ६२,००० पौंड मला जास्त वाटतात.

जाता जाता राहण्याच्या जागेचा हिशेबही करून पाहा. ५८ फुटांतून पुढचे टोक, खलाशाची खोली, स्वतंत्र इंजिनघर आणि मागचा डेक वजा केला, तर घर म्हणून वापरायला जेमतेम ३० फूट उरतात. आधुनिक ५८ फुटी बोटीत याहून बरीच जास्त जागा मिळते. खलाशाची खोली डोळ्यांना फार सुरेख दिसते, तिथे एकेकाळी अख्खे कुटुंब राहत असे, पण आज दोन माणसांना रोज तिथे झोपायचे झाल्यास आधी एक रात्र झोपून पाहावे.

तीन_पाणवाटा यांचे उत्तर

वरील तांत्रिक सल्ल्याशी मी पूर्णपणे सहमत आहे, पण कापलेल्या बोटीबद्दलचे मत मला कठोर वाटते. मी स्वतः अशाच एका बोटीवर अकरा वर्षे राहिले.

या बोटी कोणत्या काळातून वाचल्या, हे विसरून त्यांचे मोल ठरवता येणार नाही. १९४८ मध्ये कालव्यांचे राष्ट्रीयीकरण झाले. मालवाहतूक लॉरी आणि रेल्वेकडे जातच होती. १९६२-६३ च्या हिवाळ्यात कालवे आठवडेच्या आठवडे गोठले आणि ब्रिटिश वॉटरवेज या कालव्यांच्या सरकारी संस्थेने आपली नॅरोबोटींची नियमित मालवाहतूक जवळपास बंद केली. ॲथरस्टोनहून साउथॉलच्या जॅम कारखान्याला कोळसा नेणारी फेरी तेवढी खासगी बोटवाल्यांनी १९७० पर्यंत चालू ठेवली. नको झालेल्या कितीतरी बोटी भंगारात गेल्या, आणि काही तर हेअरफील्डच्या पाण्याने भरलेल्या खाणींत मुद्दाम बुडवल्या गेल्या. त्या दिवसांत ज्यांनी अशी बोट घेतली, कापली, तिच्यावर छप्पर चढवले आणि तिच्यात संसार थाटला, त्यांच्यामुळेच तिचे पुढचे टोक आज आपल्याला पाहायला मिळते. पन्नास वर्षांपूर्वीचे ते रूपांतरही आता त्या बोटीच्या इतिहासाचाच भाग झाले आहे, असे मी मानते.

व्यवहाराच्या बाजूनेही ५८ फुटांचा फायदा आहे. लीड्स-लिव्हरपूल कालव्याच्या मोठ्या भागातील लॉक, म्हणजे बोट एका पातळीवरून दुसऱ्या पातळीवर नेणारे दरवाजांचे कप्पे, ६२ फुटांची आहेत आणि पूर्ण लांबीची मालवाहू बोट तेथून जाऊच शकत नाही. ज्यांना सतत फिरायचे आहे त्यांच्यासाठी ही गोष्ट लहान नाही.

रुंदीसुद्धा मोजून घ्या. या बोटी सुमारे सात फूट रुंदीच्या बांधल्या जात, पण जुन्या कवचाच्या बाजू वर्षानुवर्षांच्या भारामुळे बाहेर फुगतात. अरुंद लॉकच्या भिंतीही कोठे कोठे आत सरकल्या आहेत. अशा दोघांची गाठ पडली की बोट मध्येच अडकते. बुडाच्या कडा, फुगवटा आणि बाजूंचे घासणे सोसणाऱ्या रबिंग पट्ट्या धरून सर्वांत रुंद जागी मोजमाप घ्यायला सर्व्हेअरला सांगा. बोट पाण्यात किती खोल बसते तेही विचारा, कारण मालवाहू बोटीचे मागचे टोक आधुनिक बोटीपेक्षा खोल असते आणि उथळ कालव्यात ती हळूच चालवावी लागते. त्या बदल्यात ती पाणी कापत जाते ती अशी सरळ आणि शांत की पुन्हा नव्या बोटीवर मन बसत नाही. हे सुख पौंडांत मोजता येत नाही, पण विकत घेताना माझ्यासारखी माणसे ते मोजतातच.

मालवणचा_सुतार यांचे उत्तर

मला कागदपत्रांबद्दल लिहायचे आहे, कारण ‘ती १९३६ सालची यारवुडची आहे’ हे वाक्य आतापर्यंत केवळ विक्रेत्याच्या तोंडचे आहे.

इंग्लंडमध्ये घराच्या मालकीसारखी बोटींची सक्तीची नोंदवही नाही. कालवे सांभाळणाऱ्या कॅनॉल अँड रिव्हर ट्रस्टचे लायसन्स म्हणजे मालकीचा पुरावा नव्हे. म्हणून आजवरच्या प्रत्येक विक्रीचे खरेदीखत सलग आहे का, आणि बोटीवर कोणाचे कर्ज तर नाही ना, हे पाहा. वंशावळीसाठी मात्र चांगली साधने आहेत. टोल आकारण्यासाठी प्रत्येक मालवाहू बोटीचे ‘गेजिंग’ होत असे, म्हणजे तिच्यात किती वजन घातले की ती किती इंच खाली बसते याची नोंद घेतली जात असे. १८७७ च्या कॅनॉल बोट्स कायद्यानुसार माणसे राहणाऱ्या बोटींची आरोग्यनोंदणी होत असे. एल्समिअर पोर्ट येथील संग्रहालयात कालव्यांच्या कागदपत्रांचा मोठा संग्रह आहे आणि हिस्टॉरिक नॅरो बोट क्लबातील जाणती मंडळी नुसत्या पुढच्या टोकाच्या वळणावरून बोट वूलिचच्या कारखान्यातली की नॉर्थविचच्या ते सांगतात. ग्रँड युनियनच्या ताफ्यात ‘स्टार’ वर्गाला आकाशातील तारे-नक्षत्रांची आणि ‘टाउन’ वर्गाला गावांची नावे होती, त्यामुळे जुने नाव कळले तर शोध सोपा होतो. नॅशनल हिस्टॉरिक शिप्सच्या नोंदवहीत बोट आहे का तेही पाहावे. त्यासाठी बोट ५० वर्षांहून जुनी आणि ३३ फुटांहून लांब असावी लागते. मात्र अशा नोंदीमुळे बोटीला जुन्या वास्तूसारखे कायदेशीर संरक्षण मिळत नाही.

आपण एल्मचे बूड शाबूत असलेली एखादी दुसरी बोट पाहणार असाल, तर एक गोष्ट सांगतो. आमच्याकडे मालवणला होडी बांधणारे माझे काका म्हणत, की लाकूड कायम पाण्यात राहू दे नाहीतर कायम कोरडे राहू दे, ते टिकते, पण ओले-सुके होत राहिले की कुजते. एल्मचेही तसेच आहे. खाली पाण्यात बुडालेल्या फळ्या दशकानुदशके धडधाकट राहतात. मात्र रूपांतर करताना आतला तळ कोरडा ठेवून वर अस्तर घातले जाते, आणि मग वरच्या बाजूने कूज धरते, जी कोणाला दिसत नाही. एल्मच्या झाडांवरील रोगामुळे इंग्लंडमध्ये तेवढ्या रुंद फळ्या मिळणेही आता कठीण झाले आहे.

शेवटचा मुद्दा जागेचा. बोटीबरोबर तिची मुक्कामाची जागा आपोआप आपल्याला मिळत नाही. विक्रेत्याची बोट आज जेथे बांधलेली आहे ती जागा आपल्या नावावर होईल का, हे जागेच्या मालकाकडून लेखी घ्या. कायमची जागा नसेल तर १९९५ च्या ब्रिटिश वॉटरवेज कायद्याप्रमाणे एका ठिकाणी साधारणतः १४ दिवसांपेक्षा जास्त थांबता येत नाही, आणि आपली नोकरी मिल्टन कीन्समध्ये असेल तर हे रोजच्या जाण्यायेण्याशी जुळवावे लागेल.

कालवाकाठ

सर्वांची मनापासून आभारी आहे. आपल्या सांगण्यावरून आम्ही रिव्हेटच्या बोटींचा अनुभव असलेला सर्व्हेअर नेमला आणि काल बोट ड्राय डॉकमध्ये उभी राहिली. तिला पाण्याबाहेर पाहणे हा एक वेगळाच अनुभव होता. काळ्या डांबराखाली रिव्हेटच्या ओळी शेवटपर्यंत स्पष्ट होत्या, दुहेरी पत्रा कोठेही नाही. पुढच्या टोकाच्या वळणावरून ती नॉर्थविचचीच असल्याचे त्यांनी खात्रीने सांगितले, आणि गेजिंगच्या नोंदीत १९३६ हेच साल निघाले.

भीती होती ती तळाच्या पट्टीची, आणि ती खरी ठरली. बूड बदलताना ती पट्टी डाव्या बाजूला नवी घातली गेली, पण उजव्या बाजूला इंजिनघरापासून मागे सुमारे १२ फूट जुनीच ठेवली होती. तेथे जाडी ३.१ ते ३.६ मिलिमीटर भरली. सर्वांत रुंद जागी बोट ७ फुटांच्या आत आहे, याचा मला विशेष आनंद झाला.

ती पट्टी बदलण्याचा, इंजिनघराचे अस्तर काढून पुन्हा घालण्याचा आणि डॉकच्या भाड्याचा अंदाज आम्ही दोन ठिकाणांहून मागवला, तो वजा करून ५१,००० पौंडांचा लेखी प्रस्ताव दिला आणि सर्व्हेचा अहवाल सोबत जोडला. विक्रेत्याने शुक्रवारपर्यंत वेळ मागितला आहे. तोवर बोट डॉकमध्येच राहणार आहे, आणि त्यांच्या परवानगीने आम्ही उद्याची रात्र खलाशाच्या खोलीत झोपून पाहणार आहोत.