.२२ रायफलसाठी क्लीनिंग रॉड: तीन तुकड्यांचा घेऊ की वन-पीस?

प्रोन_नागपूर:

नमस्कार मंडळी. आतापर्यंत क्लबच्या रायफलवर ५० मीटर प्रोन (पालथं झोपून नेमबाजी) खेळत होतो, आता लायसन्सचे सगळे सोपस्कार होऊन स्वतःची .२२ बोल्ट ॲक्शन घेतली आहे, सेकंडहँड आहे पण सरांनी आतून बघून बॅरल चांगलं आहे म्हणून सांगितलं. क्लबमध्ये साफसफाई सरच करायचे, आम्हाला हात लावू द्यायचे नाहीत, त्यामुळे या बाबतीत मी एकदम कोरा आहे. बॅरल २६ इंची आहे.

बर्डीवर एका दुकानात तीन तुकड्यांचा ॲल्युमिनियमचा रॉड मिळतोय, सोबत ब्रश वगैरे सगळा सेट, दुकानदार म्हणतो ॲल्युमिनियम नरम असतं म्हणून बॅरलला काही होत नाही. रेंजवरचे सिनियर म्हणतात वन-पीसच घे, त्यात पण कोणी कोटेड स्टील म्हणतं कोणी कार्बन फायबर. मोठे काका फौजेत होते, ते म्हणतात पुलथ्रू (बॅरलमधून चिंदी ओढायची दोरी) आणि चिंदी असली की बास, हे रॉडबिड कशाला पाहिजे. घरी धाकट्या बहिणीची १० मीटरची एअर रायफल पण आहे, तर दोन्हीला मिळून एकच रॉड चालेल का? आणि दसरा तोंडावर आलाय, आईला रायफल पूजेत ठेवायची आहे, तेव्हा आधी साफ करू की नंतर? जरा सविस्तर सांगा, घाई नाही पण चुकीचं काही घ्यायचं नाही.

विदर्भ_स्मॉलबोअर:

भाऊ, आधी नवीन रायफलबद्दल अभिनंदन. तो तीन तुकड्यांचा सेट घेऊ नको, फुकट दिला तरी घेऊ नको. काऊन ते सांगतो. दुकानातच तो रॉड जोडायला लाव आणि जिथे दोन तुकडे मिळतात तिथून हळूच नख ओढ. नख अडकतं का बघ. जिथे नख अडकलं ती कड बॅरलमध्ये प्रत्येक फेरीला रायफलिंगवर (आतल्या वळणदार खाचांवर) घासणार, शिवाय जोर लावला की रॉड नेमका त्या जोडावरच वाकतो, म्हणजे कड आणखी दाबून घासते.

आणि नरम धातू म्हणजे बॅरलला सुरक्षित, हे दुकानदाराचं म्हणणं ऐकायला बरोबर वाटतं पण तसं नाही. .२२ चं काडतूस रिमफायर असतं, आणि बऱ्याच रिमफायरच्या प्रायमरच्या मसाल्यात बारीक काचेची पूड घातलेली असते. ती काच आणि जळका कचरा नरम ॲल्युमिनियममध्ये रुतून बसतो आणि मग तोच रॉड कानशीसारखा चालतो. वर ॲल्युमिनियमवर हवेने जो ऑक्साईडचा थर येतो तो स्वतःच भयंकर कठीण असतो. पितळी रॉडलाही कचरा रुतायची हीच अडचण आहे. म्हणून कडक, गुळगुळीत, एकसंध रॉड बघायचा. पॉलिश केलेलं स्टेनलेस, नायलॉन कोटिंगवालं स्टील किंवा कार्बन फायबर. मी स्वतः .२२ साठी कोटेड स्टील वापरतो कारण बारीक व्यासातही ते कमी वाकतं.

माप असं बघ. .२२ चं बोअर (बॅरलच्या आतलं भोक) साधारण ५.६ मिलिमीटर, त्यात रॉड ५ मिलिमीटरच्या आसपास पाहिजे. फार बारीक घेतला तर आत कमानीसारखा वाकून भिंतीला घासतो. लांबी बॅरलएवढी पुरत नाही, मागे ॲक्शन (बोल्ट बसतो तो भाग) आहे, बोअर गाईड आहे, वर हाताला जागा पाहिजे, तेव्हा तुझ्या २६ इंचीला ३६ इंची घे. टोकाचे आटे ८-३२ मापाचे असतील तर जॅग (कापडाचा तुकडा म्हणजे पॅच धरणारं टोक) आणि ब्रश सहज मिळतात. मुठीत बेअरिंग पाहिजेच पाहिजे, म्हणजे पॅच खाचांबरोबर फिरत जातो आणि रॉडही त्याच्यासोबत फिरतो. तपासायची पद्धत म्हणजे मूठ ओट्याच्या कडेबाहेर ठेवून रॉड गुळगुळीत ग्रॅनाइटवर लोळवायचा, खालून उजेड चमकत गेला तर रॉड वाकडा आहे, परत दे.

आता जे रॉडइतकंच महत्त्वाचं आहे ते बोअर गाईड. बोल्ट काढला की त्याच्या जागी ही नळी बसते आणि रॉडला बॅरलच्या मधोमध ठेवते. गाईड नसेल तर रॉड चेंबरच्या (काडतूस बसतं त्या जागेच्या) तोंडाशी, जिथून रायफलिंग सुरू होतं, तिथे रोज एकाच जागी टेकतो. गाईड तुझ्या ॲक्शनच्या मापाचंच घे, दुसऱ्या रायफलचं ढिलं बसवू नको. चांगल्या गाईडला रबरी रिंग असते त्यामुळे सॉल्व्हंट (सफाईचं द्रव) मागे ट्रिगरमध्ये उतरत नाही.

५० मीटरवर दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं असतं भाऊ. एवढ्या बारीक खेळात बॅरलची तोंडाकडची कड, जिला क्राउन म्हणतात, ती एका बाजूने जरी झिजली तरी गोळी सुटताना गॅस वाकडा निघतो आणि ग्रुप (टार्गेटवरच्या गोळ्यांचा पुंजका) फाटतो. म्हणून रॉड कायम मागून, चेंबरच्या बाजूने घालायचा. हजारो राऊंड मारून जे बॅरल टिकतं ते वेड्यावाकड्या रॉडने एका सीझनमध्ये बिघडलेलं मी पाहिलं आहे.

माजी_हवालदार_काटोल:

काका चुकीचं सांगत नाहीत पोरा, फौजेत आम्ही पुलथ्रूनंच सारं केलं. चिंदी ४ बाय २ इंच सफाईले अन् तेल लावाले ४ बाय दीड. एनसीसीच्या पोराईलेही हेच शिकवतात. पण काकाले एक विचार, पुलथ्रू ओढताना उस्ताद काय वरडत होता? दोरी सरळ ओढ, कडेला घासू नको. दोरीवर धूळ बसते अन् तिरपी ओढली का दोरीनंही बॅरलच्या तोंडाची कड झिजते. जुन्या थ्री-नॉट-थ्रीच्या बॅरलवर अशी झीज दिसते. फौजी रायफलले चालून जाते, तुह्या मॅचच्या रायफलले नाही चालत.

दोरीची गाठ कच्ची असली अन् चिंदी जाडी झाली तं मंदातच तुटते, मंग काढता काढता नाकीनऊ येते. रेंजवर ओली झाली रायफल, लगेच पुसायची हाये, तं पुलथ्रू बेस्ट. घरची निगुतीची सफाई रॉडनं कर.

प्रोन_नागपूर:

धन्यवाद दादा, धन्यवाद काका. घरच्या काकांना वाचून दाखवलं, ते म्हणाले उस्तादचं वाक्य अगदी बरोबर आहे. आता पुढचं विचारतो. पॅच किती मोठा, घट्ट गेला तर काय करायचं, ब्रश मारायचा का, आणि सुरक्षेच्या दृष्टीने काय काय बघायचं? घरात लहान पुतण्या पण आहे म्हणून विचारतोय.

सदर_बोल्टॲक्शन:

पुतण्या आहे ना, मग सफाईच्या वेळी तो खोलीत नको, आणि काडतुसांचा डबा तर त्या खोलीत नकोच. रायफल बाहेर काढायच्या आधी राऊंड दुसऱ्या खोलीत कुलुपात. मग मॅगझिन असेल तर ते काढ, बोल्ट उघड, चेंबरमध्ये डोळ्याने बघ आणि करंगळीने चाचपून पण बघ, मग बोल्ट पूर्ण काढून बाजूला. मॅचला आपण नारिंगी सेफ्टी फ्लॅग लावतो ती सवय घरी पण ठेव, साफ करून झालं की लगेच फ्लॅग परत आत. रायफल टेबलावर क्रेडलमध्ये (रायफल धरणाऱ्या स्टँडमध्ये) घट्ट बसव, तोंड किंचित खाली, म्हणजे सॉल्व्हंट ट्रिगरकडे वाहत येत नाही. रॉड ढकलताना बॅरलच्या तोंडावर हात धरायची काही लोकांना खोड असते, पॅच पकडायला म्हणून, ती लावून घेऊ नको. तिथे एक रिकामी बाटली बांध, पॅच त्यात पडतात.

एक गोष्ट फार जीव तोडून सांगतो. न उडालेलं जिवंत काडतूस चेंबरमध्ये अडकलं तर रॉडने ढकलायचं नाही. कधीच नाही. तोंड सुरक्षित दिशेला ठेव, रेंज ऑफिसरला हाक मार, आर्मरर (शस्त्रांचा कारागीर) काढेल. तसंच आवाज फुसका आला आणि टार्गेटवर होल दिसलं नाही तर पुढचा राऊंड भरायचा नाही, गोळी बॅरलमध्येच राहिलेली असू शकते. त्यावर दुसरी मारली तर बॅरल फुगतं नाहीतर फाटतं. विसरलेल्या पॅचमुळे पण बॅरल असंच फुगू शकतं, म्हणून रेंजवर पहिला राऊंड भरायच्या आधी बोल्ट काढून आरपार उजेड बघायचा.

पॅचचं माप कापडाच्या जाडीवर आहे. .२२ साठी साधारण एक इंची चौकोनापासून सुरू कर. तळव्याने सावकाश दाबल्यावर एका लयीत सरकला पाहिजे. दोन हात लावावे लागले म्हणजे मोठा झाला, तिथेच थांब, मागे ओढून घे, कडा कापून लहान कर. आत बसलाच तर हातोडी आणायची नाही, तेल सोडायचं, थोडा वेळ जाऊ द्यायचा, मग सरळ मागे ओढायचं. कापड निव्वळ सुती पाहिजे, आपल्याकडे कापसाची काय कमी, जुनं धुतलेलं सुती बनियन किंवा फ्लॅनेल मस्त चालतं. टेरिकॉट नको, ते काही शोषत नाही.

ब्रश .२२ ला रोज लागत नाही. शिशाची गोळी आणि वर मेणाचं वंगण, त्यामुळे बहुतेक वेळा ओले पॅच आणि मग कोरडे पॅच एवढंच पुरतं. चेंबरच्या पुढे कार्बनचं कडक कडं बसलं तरच फॉस्फर ब्रॉन्झचा ब्रश, नाहीतर नायलॉनचा. लोखंडी तारांचा ब्रश आत घालूच नको. आणि ब्रश बॅरलच्या मध्यात उलटा फिरवायचा नाही, तोंडातून पूर्ण बाहेर काढायचा, मग सावकाश सरळ मागे. बाहेर येताना तारा उडवतात ते थेंब डोळ्यात जातात, चष्मा लाव. नायट्राइलचे हातमोजे घाल, खिडकी उघडी ठेव, शेवटी साबणाने हात धू. त्या काळ्या पॅचमध्ये शिसं असतं, ते पिशवीत बांधून वेगळं टाक, पुतण्याच्या हाती लागता कामा नये.

दरेक फेरीनंतर रॉड पुसायचा. हे सगळे विसरतात. पांढरा कपडा दोन बोटात धरून रॉडवरून ओढ, किती काळं निघतं ते बघ, नाहीतर तेच पुढच्या फेरीला परत आत जातं.

दहामीटर_ताई:

बहिणीच्या एअर रायफलबद्दल मी सांगते, .२२ चा रॉड तिला चालणार नाही. एअर रायफलचं बोअर ४.५ मिलिमीटर आहे, ५ मिलिमीटरचा रॉड जाणारच नाही. आणि खरं सांगायचं तर तिला रॉडची गरजच फार कमी पडते. बारूद नाही, काचेची पूड नाही, फक्त शिशाचा पातळ थर. फेल्टचे क्लीनिंग पेलेट मिळतात, ते कंपनीच्या मॅन्युअलमध्ये सांगितलं असेल तसे वापरायचे, नाहीतर नायलॉनच्या दोरीचा बारीक पुलथ्रू, मागून पुढे. बऱ्याच मॅच बॅरलला तोंडाशी किंचित चोक (बोअर अरुंद केलेला भाग) असतो, तिथे ब्रॉन्झचा ब्रश रगडणं मला तरी बिलकुल पटत नाही.

सॉल्व्हंट तिच्या रायफलला दाखवू पण नकोस, आतले सील खराब होतात. आजच्या मॅच रायफलीत सिलिंडर २०० बारवर भरलेला असतो, एवढ्या दाबाच्या हवेत साधं तेल गेलं तर पेट घेऊ शकतं. भरायच्या जागेजवळ तेलकट बोट सुद्धा नको. आणि एअर रायफल आहे म्हणून निष्काळजीपणा नको, आधी पेलेट आत नाही ना ते बघायचं, मगच दोरी.

गोंदिया_प्रोन:

वर सगळं बरोबर आहे, फक्त कार्बन फायबरला कमी लेखू नका. स्टीलचा रॉड एकदा वाकला की वाकलाच, कोटिंग खरवडलं की त्याच्यात पण कचरा बसतो. कार्बनचा वाकतो आणि परत सरळ होतो. गाईड लावून नीट वापरला तर .२२ ला झकास चालतो. फक्त अति जोर लावून तंतू निघाले, बोट फिरवल्यावर खरखर लागली, तर तो रॉड टाकून द्यायचा.

विदर्भ_स्मॉलबोअर:

गोंदियावाले दादा, मान्य. दोन्हीपैकी कोणताही घे पण रोज पुस आणि सरळ ढकल. पहिला हात ॲक्शनच्या जवळ धरून छोट्या छोट्या ढकला, टोक बॅरलमध्ये गेल्यावर मग मुठीवर तळवा. ठेवायला प्लंबरच्या दुकानातून पीव्हीसी पाईपचा तुकडा आणि दोन टोप्या घे, त्यात उभा टांगून ठेव, कोपऱ्यात टेकवून ठेवला की हळूहळू कमान येऊ शकते.

आता दसरा. पूजेच्या आधी बाहेरून पुसून तेलाचा हलका हात फिरव, बोल्ट वेगळा ठेव, काडतुसं पूजेत मांडू नको. आईला सांग हळद-कुंकू लाकडावर किंवा स्टॉकवर लावा, बॅरलवर आणि तोंडाशी नको, ओल्या हळदीखाली धातूला ओल धरून राहते. फुलं आणि आपट्याची पानं खाली कापडावर ठेवा. सफाई पूजेनंतर त्याच संध्याकाळी, दुसऱ्या दिवशीवर ढकलू नको, आपल्याकडे पाऊस सरला तरी ऑक्टोबरच्या सुरुवातीला हवेत दमटपणा असतो. खोबरेल तेल वापरू नको, ते पुढे चिकट होतं, गन ऑइलच वापर. बॅरलच्या आत एक तेलाचा पॅच आणि लगेच एक कोरडा. फोमच्या केसमध्ये महिनोन्‌महिने बंद करून ठेवू नको, फोम ओल धरतो. पुढच्या वेळी रेंजवर गेलास की आधी कोरडा पॅच काढ आणि साफ केल्यानंतरचे सुरुवातीचे काही शॉट सायटरमध्ये (गुण न धरल्या जाणाऱ्या सरावाच्या शॉटमध्ये) जाऊ दे, मेणाचा थर परत बसेपर्यंत .२२ थोडी भटकते. तेवढ्यावरून साइट फिरवू नको.

प्रोन_नागपूर:

सगळ्यांचे मनापासून आभार. उद्या दुकानात जाऊन तीन तुकडेवाल्याला नाही म्हणतो आणि वन-पीस मागवतो. माझ्या ॲक्शनचं गाईड नेमकं कोणतं ते सरांकडून माप घेऊन इथेच टाकतो, कोणाकडे तसंच असेल तर सांगा.