अनुभव धागा: संकटात देवाची स्तुती तुम्ही नेमकी कशी करता?

उमराळ्याची सून

घरात काही वाईट घडलं की दोन दिवसांत कुणीतरी येऊन सांगतंच, "देवाची स्तुती करा." हेतू चांगलाच असतो. पण कशी करायची, हे कुणी सांगत नाही. कर्जाचे हप्ते थकलेत, सासूबाई अंथरुणाला खिळल्यात आणि पहाटे उठून विरार लोकल गाठायची आहे, अशा वेळी तोंडात कोणते शब्द येतात? वसईपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या आपल्या कॅथलिक मंडळींनी लिहा. संकट टळल्याच्या साक्षी आपण रिट्रीटमध्ये, म्हणजे प्रार्थना-शिबिरात, पुष्कळ ऐकतो. इथे ज्यांचं संकट अजून चालूच आहे त्यांनी आधी लिहावं.

माझ्यापासून सुरुवात. नवऱ्याची नोकरी गेली त्या वर्षी माझी रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, घरी व्हायचीच नाही. लेडीज डब्यात, एका हाताने वरची कडी धरून, दुसऱ्या हाताच्या बोटांवर मोजत करायचे. रोझरीत वाराप्रमाणे येशूच्या जीवनातल्या ठरलेल्या घटनांवर, म्हणजे रहस्यांवर, मनन करायचं असतं. मंगळवार-शुक्रवार दुःखाची रहस्ये, ती आपोआप ओठांवर यायची. बुधवारी मात्र गौरवाची. मन अजून गेथशेमनी बागेत, जिथे येशू अटकेआधी व्याकूळ झाला, आणि वार म्हणतोय, चल, पुनरुत्थान. चिडचिड व्हायची. पण मी माझ्या मनाप्रमाणे रहस्ये निवडत बसले असते तर वर्षभर शुक्रवारच चालला असता. वार माझ्या हातात नव्हता, हेच बरं झालं.

पाचूबंदरचा

मला लिहायची सवय नाही. आमच्याकडे १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. ऑगस्टात बोट उतरवायच्या आधी फादर येऊन पवित्र पाणी शिंपडतात, सगळे मिळून गातात.

२०२१ च्या मे महिन्यात तौक्ते आलं. वलांडीवर, म्हणजे वाळवणाच्या बांबूंवर, टाकलेले बोंबील गेले, बोटीचा एक कठडा मोडला, आणि बंदीआधीचे शेवटचे दिवस, जे आम्हाला पावसाळाभर पुरतात, ते हातचे गेले. ऑगस्टात डिझेलसुद्धा उधारीचं. लोक गात होते तेव्हा मी खाली इंजिनात हात घालून बसलो होतो. फादरांनी वाकून तिथेही पाणी शिंपडलं. बायबलच्या स्तोत्रात आहे ना, समुद्र त्याचा आहे, त्यानेच तो केला. मी रोज बंदरातून निघताना तेवढंच म्हणतो. त्याचा आहे तर तूटफूट झाली की हिशेबही त्यालाच विचारतो. या वर्षी अर्धं जाळं फाटलंय. विचारणं चालू आहे.

सावंतवाडीकरीण

आईचा कॅन्सर. केमोसाठी आम्ही इथून गोव्यात बांबोळीच्या हॉस्पिटलात जातो, सिंधुदुर्गातली निम्मी दुखणी शेवटी गोव्यातच जातात. एका प्रार्थनासभेत कुणीतरी तिला सांगितलं की या आजाराबद्दलही देवाचे आभार मान. तिने तिथे मान डोलावली आणि घरी आल्यावर म्हणाली, "रोग काय देवान धाडल्यान?" त्यापुढे कुणाचीही थिऑलॉजी चालली नाही.

पण तेर्स, म्हणजे रोझरी, तिने चुकवला नाही. हाताला सुई असली की माळ धरता येत नाही, मग बोटांवर. शेवटी लादाईन, म्हणजे नावं घेत म्हणायची विनवणी. त्यात पवित्र मरियेची किती नावं! आजाऱ्यांचं आरोग्य, दुःखितांचं सांत्वन, पहाटेचा तारा. ती एकेक नाव घेते, आम्ही "आमच्यासाठी विनंती कर" म्हणतो. ही स्तुती की मागणी, मी एकदा विचारलं. ती म्हणाली, "पयला नाव घे, मगे गाऱ्हाणा घाल." आमच्या शेजारच्या देवळात गावकरी "होय म्हाराजा" म्हणत गाऱ्हाणं घालतात ते ती लहानपणापासून ऐकत आली आहे. तिथेही आधी देवाला मोठेपणा, मग सगळ्या तक्रारी, आणि आवाज चांगला चढा. तिची पद्धत तिथूनच आली असावी असा माझा संशय आहे.

रिपोर्ट अजून यायचे आहेत.

नाव नको

मी वेगळं लिहिणार. आमचं बाळ सातव्या महिन्यात पोटातच गेलं. दफनविधीहून परतताना एक बाई म्हणाल्या, "देवाची योजना असते, स्तुती करत राहा." त्या दिवसापासून कित्येक महिने मी चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसले आणि एकही गाणं म्हटलं नाही. जात मात्र राहिले.

बायबलमधलं ईयोबाचं पुस्तक तेव्हा वाचलं, सगळं गमावलेल्या माणसाचं. त्याचे तीन मित्र आले आणि सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले. शहाणे होते ते तोपर्यंतच. बोलायला लागले आणि सगळं बिघडलं. शेवटी देव त्या उपदेशकांवरच रागावतो, भांडणाऱ्या ईयोबावर नाही. स्तुतीचा सल्ला द्यायला येणाऱ्यांनी आधी तो सात दिवसांचा भाग पाळावा, एवढंच.

निर्मळचा निवृत्त मास्तर

वरच्या ताईंशी पूर्ण सहमत. बायबलमधल्या स्तोत्रसंहितेतली १५० स्तोत्रं नीट पाहिली तर विलापाची कितीतरी निघतात. प्रभूने क्रूसावर उच्चारलेलं "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?" ही २२ व्या स्तोत्राची पहिली ओळ. ते स्तोत्र पुढे स्तुतीकडे वळतं हे खरं, पण ८८ वं स्तोत्र वळतसुद्धा नाही. अंधारातच संपतं. तरीही चर्चने ते दैनंदिन प्रार्थनेत ठेवलंय, शुक्रवारी रात्री.

आणि आपल्या वसईच्या संत गोन्सालो गार्सियाला विसरू नका. १५९७ साली नागासाकीत त्याला इतर पंचवीस जणांबरोबर क्रूसावर चढवलं. त्यांच्यातला एक मुलगा स्तोत्र गात गेला असं सांगतात. मी शाळेत हे रंगवून सांगायचो. आता वयाच्या या टप्प्यावर वाटतं, त्या सव्वीस जणांत एखादा तरी गाणं न सुचलेला असेल. संतपद त्यालाही मिळालंच, १८६२ मध्ये, सगळ्यांबरोबर.

कॉयरमधली

मास्तर, तुमच्या शेवटच्या वाक्यावरून लिहायचं धाडस करते. पप्पा उपवासकाळात, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या चाळीस दिवसांत, गेले. त्या काळात ग्लोरिया हे स्तुतिगीत म्हणत नाहीत, आलेलुया नाही, त्यामुळे गाताना मला काहीच अवघड गेलं नाही. सगळं चर्चच माझ्यासारखं होतं. ईस्टरच्या आधीच्या पुण्य गुरुवारी ग्लोरिया एकदा होतो, घंटा वाजतात आणि मग गप्प होतात. खरी भीती ईस्टरच्या रात्रीची. मेणबत्त्या, अंधार, वाचनांवर वाचनं, आणि मग अचानक दिवे लागतात, घंटा सुरू होतात, ऑर्गन पूर्ण आवाजात.

माझा सोप्रानोचा, म्हणजे सगळ्यात वरच्या सुरातला भाग. पहिल्या ओळीला गळा बंद झाला. शेजारची माझ्याकडे न बघता माझा सूर धरून गायला लागली, खालच्या सुरातली, अल्टोची असून. मी तोंड उघडं ठेवून उभी होते, लोकांना वाटलं गातेय. चर्चमध्ये पप्पांच्या वयाचे कितीतरी जण बेसूर, मोठ्याने, ग्लोरिया म्हणत होते. मला त्या रात्री एकटीने काही करायची गरजच नव्हती. पुढच्या वर्षी मी गायले. यंदा आणखी कुणाचा तरी गळा बंद असेल, म्हणून जरा जोरात गाते.

कोर्लईहून

३ जून २०२०, निसर्ग वादळ. लॉकडाऊनमुळे चर्च बंद, आणि आता घरावरची कौलं पण गेली. आजी ओल्या गादीवर बसून म्हणाली, आज आकाश दिसतंय. विनोद होता की प्रार्थना, कुणास ठाऊक.

नायगाव स्लो

मला स्तोत्रं वगैरे जमत नाहीत. टेन्शनची गोळी चालू आहे, डॉक्टरांकडे जातो, ते सोडून नुसती प्रार्थना करा असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. रात्री झोपण्याआधी मी देवाला यादी वाचून दाखवतो. आईची शुगर आटोक्यात. बॉस रजेवर. अंधेरीला बसायला मिळालं. काही रात्री यादी एकाच ओळीची असते. तीही वाचतो.

उमराळ्याची सून

"नाव नको" ताई, तुमचं लिहिणं मी आमच्या प्रार्थनागटात वाचून दाखवू का? नको म्हणालात तर नाही. पाचूबंदरचे दादा, जाळ्याचं काय झालं?

पाचूबंदरचा

अर्धं शिवून झालं. सुताचे पैसे पुढच्या आठवड्यात. बोंबील लागायला लागलेत, सकाळी लवकर आलात तर ताजे मिळतील.

नाव नको

वाचा. सात दिवसांचा भाग आधी वाचा.