फुली मारली तरी प्रोग्रॅम चालूच: तुमचे अनुभव लिहा

ओसरी
मागच्या रविवारी बाबांचा फोन आला. वय ७४, भजनी मंडळाची ऑनलाइन बैठक नुकतीच संपलेली. आवाज घाबरलेला. "अगं, फुली मारून दहा मिनिटं झाली, तरी कॅमेऱ्याचा हिरवा दिवा जळतोय. कुणी बघतंय का आपल्याला?"

फोनवरच त्यांना घड्याळाशेजारचा वर तोंड केलेला छोटा बाण दाबायला सांगितला. बैठकीचं सॉफ्टवेअर तिथे जाऊन बसलं होतं. चिन्हावर उजवं क्लिक, 'क्विट', आणि दिवा विझला. मग विंडोजच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसीखाली कॅमेऱ्याचं पान उघडून घेतलं. या क्षणी कोणता प्रोग्रॅम कॅमेरा वापरतोय ते तिथे लिहिलेलं असतं. ते स्वतःच्या डोळ्यांनी वाचल्यावर त्यांचा जीव भांड्यात पडला.

खिडकी मिटली म्हणजे प्रोग्रॅम थांबला असं नाही, हे आपल्याला कुणी शिकवलेलंच नसतं. म्हणून हा धागा. तुमच्याकडे काय अडकलं, कसं सापडलं, कसं सुटलं, ते सविस्तर लिहा. चुकलं असेल तर तेही.

खिळेजुळणी
मिरजेत आमचं छपाईचं दुकान आहे. लग्नसराईत गिऱ्हाईक समोर उभं, पत्रिकेची फाइल त्याच्या पेनड्राइव्हवर घातली, काढायला गेले तर 'डिव्हाइस वापरात आहे'. सगळं बंद केलेलं, पडद्यावर एक खिडकी नाही. ओढून काढायची सवय मी मोडली आहे, कारण तशात एकदा एका माणसाचे फोटो गेले होते.

मला उपयोगी पडला तो इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची घडामोडींची नोंदवही. त्यात 'सिस्टिम'च्या नोंदींमध्ये क्रमांक २२५ शोधायचा. ड्राइव्ह काढायला कोणत्या प्रोग्रॅमनं अडवलं, त्याचं नाव आणि प्रोसेस क्रमांक (चालू प्रोग्रॅमला विंडोजनं दिलेला नंबर) तिथे मिळतो. आमचं पानं लावायचं सॉफ्टवेअर निघालं. खिडकी गेली होती, पण फाइल धरून ते मागे चालूच होतं. कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडला, 'डिटेल्स'मध्ये तो क्रमांक गाठला, 'एण्ड टास्क' केलं. पेनड्राइव्ह सुखरूप निघाला. आता हे दोन मिनिटांचं काम झालंय.

जमाखर्च
वरचा उपाय बरोबर आहे, पण 'एण्ड टास्क' दाबण्याआधी माझं ऐका. मनापासून सांगतेय.

मी एका सीएंच्या ऑफिसात काम करते. महिन्याची २० तारीख, जीएसटी रिटर्नची शेवटची मुदत. हिशेबाचं सॉफ्टवेअर बंद केलं आणि पुन्हा उघडायला गेले तर 'आधीच चालू आहे'. घाई होती. टास्क मॅनेजरमध्ये ती ओळ दिसली आणि दाबलं 'एण्ड टास्क'. पुन्हा उघडलं तर त्या कंपनीचा डेटाच उघडेना. ते सॉफ्टवेअर अडकलेलं नव्हतंच. दिवसभराच्या नोंदी डिस्कवर लिहीत होतं. नेटवर्कवरची फाइल, त्यामुळे वेळ लागत होता.

आदल्या संध्याकाळचा बॅकअप होता म्हणून निभावलं. त्या दिवसाची १४० व्हाउचरं मी आणि आर्टिकलशिप करणाऱ्या (सीएच्या प्रशिक्षणातल्या) एका मुलानं रात्री साडेअकरापर्यंत बसून पुन्हा चढवली. सर एक शब्द बोलले नाहीत, ते जास्त लागलं.

तेव्हापासून आधी त्या ओळीतले 'डिस्क' आणि 'सीपीयू' हे रकाने बघते. डिस्कचा आकडा हलत असेल तर हात लावत नाही. चहा घेऊन येते. पाच-दहा मिनिटं दोन्ही रकान्यांत शून्यच राहिलं आणि सेव्ह झाल्याची खात्री असली, तरच बंद करते.

वसतिगृह
कॉलेज प्रोजेक्टचा सर्व्हर बंद केला तरी '३००० पोर्ट वापरात आहे' असं यायचं (पोर्ट म्हणजे सर्व्हर ज्या क्रमांकाच्या दारातून बोलतो ते). टर्मिनलची खिडकी बंद केली होती, आतला नोड (सर्व्हर चालवणारा प्रोग्रॅम) जिवंत होता. 'नेटस्टॅट' या कमांडला ए, एन, ओ हे पर्याय दिले की शेवटच्या रकान्यात प्रोसेस क्रमांक येतो, मग तो क्रमांक देऊन 'टास्ककिल'. आता खिडकी बंद करायच्या आधी कंट्रोल-सी दाबतो.

लिफीकाठ
डब्लिनहून लिहितोय. विंडोजवरून मॅकवर आलेल्यांसाठी: तिथे लाल बटण खिडकीपुरतंच असतं. काही प्रोग्रॅम शेवटच्या खिडकीबरोबर बंद होतात, बरेच होत नाहीत. डॉकमध्ये (चिन्हांच्या पट्टीत) चिन्हाखाली ठिपका दिसला तर चालू आहे. कमांड-क्यू दाबायचं. अडकलंच तर ऑप्शन-कमांड-एस्केप.

प्रयोगशाळा
लिनक्सवर अडकलेला प्रोग्रॅम मारायला सगळे 'किल -९' ही कमांड सांगतात. मी आधी साधा 'किल' देतो. तो संदेश १५ क्रमांकाचा असतो आणि प्रोग्रॅमला फाइली नीट मिटायला वाव देतो. ९ क्रमांक तो वाव देत नाही. जमाखर्चताईंचा अनुभव त्याच जातीचा आहे.

आणि ९ सुद्धा लागू पडत नाही अशा दोन अवस्था मी पाहिल्यात. एक 'डिफंक्ट'. ती प्रोसेस आधीच संपलेली असते, फक्त यादीतली नोंद उरते. ती नोंद काढायची जबाबदारी पालक प्रोसेसची, म्हणून बघायचं ते पालकाकडे. दुसरी 'डी' अवस्था, म्हणजे डिस्क किंवा नेटवर्ककडून उत्तर येण्याची वाट बघत अडकलेला प्रोग्रॅम. आमच्याकडे नेटवर्कवरचा साठवणीचा सर्व्हर पडला आणि त्यावर वाचणारे बारा प्रोग्रॅम तसेच अडकले. त्यांना कितीही मारलं तरी उपयोग नव्हता. सर्व्हर परत आला आणि सगळे आपोआप सुटले.

दाखला
मी शाळेत लिपिक आहे. माझा प्रश्न अजून सुटलेला नाही. स्कॅनरचं सॉफ्टवेअर बंद केलं की पुढच्या वेळी 'स्कॅनर वापरात आहे' म्हणतं. रोज संध्याकाळी शटडाउन करते, सकाळी पुन्हा तेच. काय करू?

ओसरी
दाखलाताई, टास्क मॅनेजरमध्ये 'परफॉर्मन्स', मग 'सीपीयू' उघडा. तिथे 'अप टाइम', म्हणजे विंडोज सलग चालू असल्याचा काळ, किती दिवसांचा आहे?

दाखला
१९ दिवस. पण मी तर रोज बंद करते!

ओसरी
मग तेच असणार. विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' आहे. शटडाउन केलं की तुमचे प्रोग्रॅम बंद होतात, पण विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हर आहे त्या अवस्थेत डिस्कवर ठेवले जातात आणि सकाळी तिथूनच उचलले जातात. म्हणजे अडकलेला ड्रायव्हर अडकलेलाच परत येतो. 'रीस्टार्ट' केलं की सगळं पहिल्यापासून सुरू होतं. शिफ्ट दाबून धरून शटडाउन केलं तरी कॉम्प्युटर पूर्ण बंद होतो. आधी हातातलं काम सेव्ह करा.

दाखला
रीस्टार्ट केला. अप टाइम चार मिनिटं दाखवतोय. स्कॅनर पहिल्या फटक्यात लागला, बंद करून पुन्हा उघडला तरी लागला. ६२ दाखले राहिलेत, आता ते घेऊन बसते.