दुसऱ्या भागात भांडायचं कशावरून?

काल रात्री 'रश अवर' (१९९८) आणि लगोलग 'रश अवर २' (२००१) पाहिला, त्यावरून हा धागा. दोन पोलीस, एक तोंडाळ, एक अबोल, दोघांचं पटत नाही आणि केस एकच, हा मामला तुम्हाला ठाऊक आहेच. पहिल्यात विमानतळावर अमेरिकन कार्टर गृहीतच धरतो की हाँगकाँगहून आलेल्या लीला इंग्रजी येत नाही, आणि त्याच्यावर खेकसतो. ली मख्खपणे ऐकून घेतो. पुढची सगळी गंमत त्या गैरसमजातून निघते. दुसऱ्यात दोघं दोस्त झालेले, मग भांडायचं कशावरून? तर कथाच हाँगकाँगला नेलीय, आता अडाणी कार्टर! गाडीतून जाताना तो मोडक्यातोडक्या चिनीत दोन मुलींवर छाप पाडायला जातो आणि प्रत्यक्षात त्यांना कपडे काढून बकरीचा बळी द्यायला सांगून बसतो. मला तरी दुसरा भाग काकणभर सरस वाटला. तुमचे अनुभव लिहा. कुठला दुसरा भाग मूळ सिनेमाला पुरून उरला, आणि कुठे नुसता शिळ्या कढीला ऊत होता?

*

सपशेल असहमत! पहिल्यात रस्त्यावर उभं राहून कार्टर लीला नाचायला शिकवतो आणि ली त्याला समोरच्याचं पिस्तूल कसं हिसकवायचं ते दाखवतो. मी आणि धाकटा भाऊ लाकडी पट्टी घेऊन ते हिसकावणं महिनाभर घोटत होतो, पट्टी मोडेपर्यंत. दुसऱ्या भागातलं आम्ही काय घोटलं? काहीच नाही. मारामाऱ्या मोठ्या आहेत, पण एकमेकांना शिकवायचं काही उरलेलंच नाही. शेवटच्या फसलेल्या शॉट्ससाठी मात्र दोन्ही वेळा हललो नव्हतो.

*

'लेथल वेपन'. पहिला (१९८७) कॉलेजात असताना पाहिला, तेव्हा रिग्ज आवडला होता. स्वतःच्या तोंडात पिस्तूल घालणारा, बायको गेल्यावर जगण्यात रस न उरलेला माणूस. त्याच्या जोडीदाराची, मर्टॉची, ओळख होते ती बाथटबमध्ये, पन्नासावा वाढदिवस, घरचे केक घेऊन आत शिरतात. दुसऱ्यात (१९८९) हाच मर्टॉ कमोडवर बसलाय, खाली बॉम्ब, उठला की संपला. रात्रभर बसून पाय बधिर झालेले. रिग्ज बाहेर जायला तयार नाही, आणि शेवटी दोघं उडी टाकतात ती शेजारच्या बाथटबमध्ये! हे मला तिसऱ्यांदा पाहताना दिसलं. मरायला निघालेला माणूस आता दुसऱ्याला मरू देत नाहीये, आणि हे सगळं संडासात. दुसरा भाग असावा तर असा.

पहिल्याचा लेखक शेन ब्लॅक याने दुसऱ्याच्या मसुद्यात रिग्जला मारलं होतं. निर्मात्यांना ते नको होतं, तो बाजूला झाला. त्याऐवजी जो पेशी या नटाने रंगवलेला, अखंड बडबडणारा लिओ आला. मला आवडतो. आमच्या घरी तो पडद्यावर आला की बाबा आवाज कमी करतात.

*

'४८ अवर्स' (१९८२) विरुद्ध 'अनदर ४८ अवर्स' (१९९०). दिग्दर्शक तोच, नट तेच, बारमधला राडासुद्धा परत. मधल्या आठ वर्षांत एडी मर्फी नवखा राहिला नव्हता, आणि ते दिसतं. अर्ध्यात बंद केला.

*

'बॅड बॉईज' (१९९५) सुमारे १.९ कोटी डॉलरमध्ये झाला, दुसरा (२००३) १३ कोटींमध्ये. लांबी जवळजवळ अडीच तास! पहिल्यात साक्षीदार बाईसमोर माइक आणि मार्कस या दोघा पोलिसांना एकमेकांची नावं लावून वावरावं लागतं, सगळा विनोद त्या अडचणीतून येतो. दुसऱ्यात पुलावर ट्रकवरून गाड्या खाली सोडतात, शेवटी थेट क्युबा. डोळे दिपले, खोटं कशाला बोलू? पण आज आठवतंय ते दुकानातलं दृश्य. मार्कस आपलं नाजूक जागेचं दुखणं माइकला सांगतोय, कॅमेरा चालू, आणि दुकानभरच्या टीव्हींवर लोक भलताच अर्थ लावताहेत. त्याला किती खर्च आला असेल?

*

कुणी '२२ जंप स्ट्रीट' (२०१४) कसा नाही काढला? त्यात साहेब तोंडावरच सांगतात, मागच्या वेळी केलंत तेच पुन्हा करा. पहिल्यात ('२१ जंप स्ट्रीट', २०१२) दोघं पोलीस विद्यार्थी बनून शाळेत, आता कॉलेजात. आणि भांडणाचं म्हणाल तर, दोघं जोडप्यासारखे रुसतात. 'आपण थोडे दिवस दुसऱ्यांबरोबर तपास करून बघू या का?' मी हसून हसून वाकडी झाले. श्रेयनामावलीत पुढच्या भागांच्या खोट्या जाहिराती येतात, एकामागून एक. आमचे हे तोवर चपला घालून दाराशी उभे होते, सगळ्या हुकल्या.